अर्धं जावळ

सोनई, ता. नेवासा
१६ जून २०२५

वैजू,

'चिरंजीव' वगैरे लिहीत बसत नाही. चिरंजीव तर तू आहेसच, तुला काय धाड भरलीय! फोन करायचा तर माझा नंबर तू बंद करून ठेवलायस. म्हणून हे पत्र. जामखेडच्या पोस्टमनला काही तुला बंद करता यायचं नाही.

आधीच सांगते, म्हणजे फाडण्यापूर्वी एवढं तरी वाचशील. मी भांडण मिटवायला लिहीत नाही. गेल्या वर्षी मढीच्या यात्रेत, कानिफच्या जावळाच्या वेळी, सगळ्या पाव्हण्यांसमोर तुझ्या थोबाडीत दिली, त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही. माझ्या लेकराला तू 'येडं पोरगं' म्हणालास. सख्खा मामा तू! परत म्हणालास तर परत देईन. ते तिथंच राहू दे.

हे पत्र तुझ्या माऊसाठी आहे.

मागच्या महिन्यात कोल्हारला मावशीच्या गोरक्षच्या लग्नात मला बघून तू मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसलास. बस बाबा. मी मात्र जागची हलले नाही, कारण माझ्या समोरच स्नेहल माऊला घेऊन बसली होती आणि मला भाची बघायची होती. तान्ही असताना बघितलेली, त्यानंतर तू बघू कुठं दिलीस.

स्नेहल तिला मागून हाका मारत होती. "माऊ! ए माऊ! ज्ञानेश्वरी!" पोरीची मान वळली नाही. शेजारी कुणीतरी बिस्किटाचा पुडा फोडला, तेव्हा मात्र झटकन वळली. मग तिला मांडवाचा फुगा हवा झाला. ती रडली नाही, फुग्याकडं बोट केलं नाही, आईच्या तोंडाकडंही बघितलं नाही. तिनं स्नेहलचं मनगट धरलं आणि पळी धरावी तसा तो हात फुग्याकडं ढकलला. कानिफ असंच करायचा. अजून करतो.

अरे, दीड वर्षाचं पोर दिवसभर बोट नाचवत असतं. भूभू दाखवतं, चांदोबा दाखवतं, विमान गेलं तर अख्खं घर अंगणात काढतं. आपल्याला दिसलं ते आईलाही दिसावं म्हणून त्याचा जीव वरखाली होत असतो. मी जेवायला उठेपर्यंत माऊला बघत होते. तिचं बोट एकदाही वर झालं नाही.

मी डॉक्टर नाही. चुकले असेन तर जामखेडच्या पेठेत मी स्वतः उभी राहून पेढे वाटीन, आणि तू मला हवं ते बोल. पण दीड वर्षाची लस आता द्यायची आलीच आहे. त्या निमित्तानं बालरोगतज्ज्ञाला, म्हणजे लहान मुलांच्याच डॉक्टरला, एवढं विचार की ही नावाला का वळत नाही आणि बोट का दाखवत नाही. ते 'होईल हळूहळू' म्हणाले तर गप घरी येऊ नकोस. दुसऱ्याला विचार.

तुझी अक्का


सोनई
३१ जुलै २०२५

वैजू,

पत्र परत आलं. पाकिटावर लिहिलेलं, 'घेण्यास नकार'. शाब्बास! लहानपणी कारल्याची भाजी बघून ताट सरकवायचास, तसंच पाकीट सरकवलंस.

आता हे राखीच्या पाकिटातून पाठवतेय. राखी परत पाठवून दाखव. आई तुला उंबऱ्याच्या आत घेणार नाही. जुनं पत्रही घडी करून आत घातलंय. आधी ते वाच, मग काय आदळआपट करायची ती कर.

तुला वाटत असेल, ही कुठली उंटावरची शहाणी लग्नात बसून दुसऱ्याच्या पोरीची बोटं मोजतेय. हे शहाणपण माझं नाही, शेटे मॅडमचं आहे. इथं पेठेत त्यांचा लहान मुलांचा दवाखाना आहे. गोड बोलायचं त्यांना जमत नाही. कानिफचं ऐकून मी त्यांच्यासमोर रडायला लागले तर म्हणाल्या, "रडायला बाहेर बाकडं आहे. पोटभर रडा आणि परत या, मला पुढचं सांगायचंय." असा राग आला मला! तरी बाहेर जाऊन रडले आणि परत आत गेले. तेव्हापासून जातेच आहे.

कानिफला बरं करते असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. ऑटिझम म्हणाल्या, मराठीत स्वमग्नता. हा घडलाच असा आहे, आता त्याच्यापर्यंत पोचायची वाट आपण शोधायची, असं म्हणाल्या. आधी नगरला कान तपासायला पाठवलं, कारण ऐकूच येत नसेल तर पोर नावाला वळेल कसं. मग तिथंच मोठी तपासणी झाली. आता खेळातून शिकवणाऱ्या बाईंकडं आम्ही दर आठवड्याला नगरला जातो. पण कासरा मॅडमच्या हातात आहे. नगरचा कागद आला की मला समोर बसवतात, साध्या भाषेत सांगतात आणि मला कळलंय का ते उलट विचारून बघतात.

तो फक्त पांढरं खायचा. भात, दूध, बत्तासे. पोट साफ व्हायचं नाही, रात्र रात्र झोपायचा नाही. मी म्हणायचे, असू दे, ऑटिझम आहे. मॅडम माझ्यावरच डाफरल्या. "सगळं त्याच्यावर ढकलू नका. पोट दुखलं तर कुठलं पोर झोपतं?" औषध दिलं, खाण्यात हळूहळू बदल करायला लावले. तो झोपायला लागला, मग मीही झोपायला लागले. अंगणवाडीच्या बाईंना त्यांनी स्वतः फोन केला, की याला मागच्या कोपऱ्यात कोंबू नका, दाराशी बसवा आणि घंटा वाजवायच्या आधी त्याला सांगा. एवढ्यावर त्याचं रोजचं किंचाळणं निम्म्यावर आलं.

आता साडेचार वर्षांचा झालाय. मोजके शब्द बोलतो. त्यातला एक 'नको' आहे आणि तो खणखणीत आहे. मामावर गेलाय.

त्याच्या डोक्याचंही सांगते. मढीत उजव्या बाजूनं वस्तरा फिरला आणि मग सगळं विस्कटलं, तुला माहीतच आहे. सासूबाई म्हणतात, उरलेलं अर्धं देवाचं, ते मामाच्या मांडीवरच निघालं पाहिजे, मध्ये कात्री लावायची नाही. म्हणून उजवीकडं मानेपर्यंत वाढलेले केस आणि डावीकडं वेणी, असा माझा राजा सोनईच्या बाजारातून फिरतो. लोक हसतात. हसू देत मेले.

राखी आईकडून बांधून घे. आणि माऊला दाखव.

अक्का


सोनई
१९ ऑगस्ट २०२५

वैजू,

आईचा फोन आला, म्हणजे तू वाचलंस.

आई म्हणाली, "वैजू म्हंतोय, अक्कानं माज्या पोरीला नजर लावू न्हाई. तिच्या पोराचं दीड वर्साच्या इंजेक्शननं तसं झालं, आन आता माज्या पोरीवर टपलीय." मागून तुझा आवाज येत होता, शब्द न शब्द तूच पुरवत होतास. आईच्या पदराआडून काय बोलतोस रे? मग आईनं स्वतःचं जोडलं, "आगं, जावळ निगालं की बोलंल ती. वैजूबी जावळ निगाल्यावरच बोलाया लागला हुता. दिवाळी झाली की उडवून टाकू."

मी भाचीला नजर लावीन? तुला कडेवर वागवून माझी कंबर वाकडी झाली, शाळेतसुद्धा तुला घेऊन गेले. नजर लावायची असती तर तेव्हाच लावली असती, सुटले असते.

इंजेक्शनचं मीही मॅडमना विचारलं होतं, आणि तेही भांडायच्या आवाजात. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मोबाईलमध्ये त्याच्या लहानपणचे व्हिडिओ असतील. दाखवा." पहिल्या वाढदिवसाचा निघाला, तू ज्या इंजेक्शनला नावं ठेवतोस त्याच्या कितीतरी आधीचा. सगळे टाळ्या वाजवत त्याचं नाव घेतायत आणि माझं लेकरू मेणबत्तीच्या ज्योतीकडं बघत बसलंय. कुणाच्याच हाकेला मान वळवत नाही. त्यात मागं खदाखदा हसणारा तूच आहेस. आम्ही सगळे तिथं होतो आणि कुणालाच दिसलं नाही. मॅडम म्हणाल्या, यावर खूप मोठे अभ्यास झालेत, लसीनं ऑटिझम होत नाही. लस चुकवली तर गोवर मात्र होऊ शकतो. तेव्हा माझ्यावरच्या रागापायी माऊची लस चुकवू नकोस.

आता जावळाचं. पुढं जे लिहितेय ते मी तुला आजवर सांगितलं नव्हतं. तुला लागेल म्हणून सांगितलं नव्हतं. आता लागू दे.

मढीत त्या दिवशी हलगी कडाडत होती, न्हाव्यानं वस्तरा पाण्यात बुडवला, कानिफ तुझ्या मांडीवर. तो किंचाळायला लागला तसे चारी बाजूंनी सगळे ओरडले, "घट धर, घट धर!" तू धरलंस. त्याचं डोकं छातीशी घेऊन डाव्या कानावर पंजा दाबलास, उजवी बाजू न्हाव्याला मोकळी करून दिलीस. अर्धं डोकं झालं आणि तो तुझ्या हाताला कडकडून चावला. रक्त आलं. मग तू तो शब्द बोललास, मग मी हात उचलला, आणि पाव्हणे न जेवता गेले.

त्याच संध्याकाळी त्याला ताप भरला. दुसऱ्या दिवशी मी त्याला शेटे मॅडमकडं नेलं, तीच आमची पहिली भेट. त्यांनी दोन्ही कानांत बॅटरी मारून बघितलं. डाव्या कानात पू होता. कान दोन-तीन दिवसांपासून ठणकत असणार, म्हणाल्या. त्याला सांगता येत नव्हतं. नेमका त्याच कानावर तुझा पंजा होता, वैजू. बोलणारं पोर म्हणालं असतं, मामा, कान दुखतोय. माझ्या पोराकडं दातच होते.

तू मुद्दाम केलं नाहीस. तुला ठाऊक नव्हतं, मला, त्याच्या आईलाही ठाऊक नव्हतं. सगळी यात्रा त्याला येडं ठरवून मोकळी झाली आणि त्याला काय दुखतंय हे एका बाईनं बघितलं. औषध लिहून झाल्यावर त्यांनी त्याला हाक मारली. परत मारली. तो वळला नाही. पेन खाली ठेवून मला म्हणाल्या, "कानाचं झालं. आता दुसरं बोलू या." आमचं सगळं तिथून सुरू झालं. तोवर तो तीन वर्षांचा झाला होता.

जावळ काढ बाबा, खुशाल काढ, मढीच्या नाथाचं देणं आहे. पण जावळानं पोर बोलतं म्हणून दिवाळीपर्यंत हातावर हात ठेवून बसू नकोस. वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. तुला दिसतंय, म्हणून तर एवढा चिडलायस.

अक्का


सोनई
२ ऑक्टोबर २०२५, दसरा

वैजू,

पाकिटात आपट्याचं पान आहे. सोनं घे आणि सोन्यासारखा वाग, जमलं तर.

तुझ्याकडून काही उत्तर नाही. पण मला इथं सगळं कळतं. लस दिलीस, चांगलं केलंस. पण नर्सबाईंकडून दिलीस आणि तसाच परत आलास, डॉक्टरला काही विचारलं नाहीस. माऊ आता दिवसभर डब्यांची झाकणं गरागरा फिरवत बसते, आणि स्नेहल रोज तिच्या पाठीमागं उभी राहून हाक मारून बघते. हे मला कुणी सांगितलं विचारू नकोस. स्नेहलनं तर मुळीच सांगितलं नाही. तिच्यावर डाफरलास तर माझ्याशी गाठ आहे.

हेही कळलं की नगरला कांदा घेऊन गेला होतास, तेव्हा लहान मुलांच्या एका मोठ्या दवाखान्यासमोर टेम्पो उभा केलास, बराच वेळ नुसता बसलास आणि कांद्याला उशीर होतो म्हणून निघून आलास. कांद्याला कसला उशीर रे?

मला कळतं ते. वाटतं, आत गेलो की डॉक्टर काहीतरी नाव सांगतील आणि आपली पोर पहिल्यासारखी राहायची नाही. तसं होत नाही, वैजू. मी बाहेर आले तेव्हा कानिफ तोच होता, माझ्या पिशवीत हात घालून बत्तासा शोधणारा. फक्त आता काय करायचं ते मला कळलं होतं. त्याआधी मी नुसती नवस बोलत होते आणि रडत होते.

आता कान देऊन ऐक. भाऊबीज गुरुवारी आहे, तेवीस तारखेला. तू येणार आहेस, स्नेहल आणि माऊला घेऊन. मला साडी नको, पाकीट नको. यंदाची ओवाळणी मी मागून घेतेय. शनिवारी सकाळी शेटे मॅडमकडं माऊचा नंबर लावलाय, तिला तिथं दाखवायचं. बहिणीनं तबक हातात घेऊन मागितलेली ओवाळणी भावानं नाकारली, असं आपल्या भावकीत कुणी ऐकलेलं नाही. तुला पहिला व्हायचं असेल तर हो.

आणि आला नाहीस, तर मी जामखेडला येईन. कानिफला घेऊन, त्याच्या वेणीसकट. तुझ्या दारात बसेन. माऊच्या जावळाची हलगी सुरू झाली की तो किंचाळणार, आणि मग काय होतं ते तुझ्या हाताला माहीत आहे. धमकी समज हवं तर. मी तुझी मोठी बहीण आहे, हातापाया पडायची सवय मला नाही.

अक्का


सोनई
२८ ऑक्टोबर २०२५

वैजू,

आलास. पाटावर बसून माझ्याकडं न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरशी भाऊबीज केलीस, पण आलास. करंज्याही खाल्ल्यास, मी मोजत नव्हते, पण डबा रिकामा झाला.

शनिवारचं लिहिते, कारण अर्ध्यातून तू उठून गेलास. आत पुढं काय झालं ते तुला कळलं पाहिजे, आणि स्नेहलनं सांगितलं तरी तू ऐकून घेतलं नसशील.

मॅडम खाली सतरंजीवर बसून माऊशी खेळल्या ते तू बघितलंस. त्यांनी साबणाचे फुगे सोडले आणि मध्येच थांबल्या, ही परत मागते का बघायला. माऊनं त्यांचं मनगट धरून बाटलीकडं ढकललं, लग्नात ढकललं होतं तसंच. तुझा चेहरा मी बघत होते. मग तू विचारलंस, "किती दिवसांत बरी होईल?" मॅडम म्हणाल्या, "हा ताप नाही, उतरायला." तू चपला न घालता टेम्पोकडं गेलास. तेव्हा मला तुझा राग आला नाही. मला तू माझ्या कडेवरचा वैजूच दिसलास.

स्नेहल रडली नाही. तिनं पदर खोचला आणि विचारलं, "मग उद्या सकाळी उठून मी काय करू, तेवढं सांगा." मॅडम चक्क हसल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

त्या म्हणाल्या, लक्षणं दिसतायत, पण एका भेटीत मी शिक्का मारत नाही. आधी नगरला कानांची तपासणी, मग तिथल्या तज्ज्ञांकडून सविस्तर. रक्तही तपासायला सांगितलं, कारण पोर फिकट दिसतेय आणि दुधाशिवाय काही खात नाही. पण शिकवायला कागदाची वाट बघायची नाही, म्हणाल्या, ते उद्यापासूनच. तिच्या हातात मोबाईल द्यायचा नाही. तिच्यासमोर जमिनीवर बसायचं, आपलं तोंड तिच्या तोंडासमोर येईल असं. ती झाकण फिरवते तर आपणही झाकण फिरवायचं. तिला हवी ती वस्तू आपल्या डोळ्यांजवळ धरायची आणि तिनं ओझरतं जरी बघितलं तरी लगेच द्यायची. भाकरी थापताना, आंघोळ घालताना, जमेल तेव्हा. स्नेहल म्हणाली, "आन यांचं काय करू?" म्हणजे तुझं. मॅडम म्हणाल्या, "त्यांनाही जमिनीवर बसवा."

निघताना मी एकटी मागं राहिले. मॅडम म्हणाल्या, "कानिफ माझ्याकडं आला तेव्हा तीन वर्षांचा होता. ही दोन वर्षांची व्हायच्या आत आली. तेवढा वेळ हिला मिळाला, तुमच्यामुळं." मी म्हणाले, माझ्यामुळं कुठं, कानिफमुळं. मग मी बाहेरच्या त्याच बाकड्यावर जाऊन जरा बसले.

आता टेम्पोचं. तुझे दाजी बाहेर कानिफला सांभाळत होते. तो त्यांचा हात सोडवून तुझ्या टेम्पोत चढला. स्टिअरिंगचं चाक त्याला फार आवडतं, म्हणून चढला असेल असं मला वाटलं. मी बाकड्यावरून बघत होते. त्यानं चाकाला हात लावला नाही. तुझा हात उचलला, तोच, चावल्याची खूण असलेला. आपल्या डोक्यावर वेणीच्या बाजूला ठेवला आणि वरून स्वतःच्या दोन्ही हातांनी दाबला. तू चटका बसल्यासारखा हात मागं घेतलास. तुला वाटलं असेल, हा परत चावतोय. नाहीतर तुला तो कान आठवला असेल.

तुला त्याचा अर्थ माहीत नाही, म्हणून सांगते. मढीनंतर केसांना नुसता वारा लागला तरी तो घर डोक्यावर घ्यायचा. मॅडमनी सांगितलं, भुरभुरता हात लावू नका, त्यानं त्याला त्रास होतो. तळहात नीट ठेवा, जरा दाबा आणि त्याला नकोसं व्हायच्या आत सोडा. परत मागितलं तरच परत. केस कापायचं मशीन बंद ठेवून त्याला नुसतं खेळू द्या. मग पलीकडच्या खोलीत चालू करा. तुझे दाजी दर रविवारी अंगणात त्याच्यासमोर स्वतःचं डोकं भादरून घेतात, आता भादरायला काही उरलं नाही. असं करता करता कानिफ माझा हात धरून स्वतःच डोक्यावर दाबायला लागला. फक्त माझा. बापाचा नाही, आजीचा नाही. शनिवारी त्यानं तुझा घेतला, वैजू. का घेतला ते मलाही सांगता येणार नाही. पण विश्वास असल्याशिवाय तो कुणाचा हात डोक्यावर घेत नाही.

नगरची तारीख स्नेहलकडं आहे. तू टेम्पो काढतोस, की ती पोरीला घेऊन एसटीनं जाऊ दे, तेवढं कळव. ती थांबणार नाही, एवढं मी तिच्या डोळ्यांत बघितलंय.

अक्का


सोनई
१४ डिसेंबर २०२५

वैजू,

आता फोन चालू आहे, तरी पत्र लिहितेय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

माऊचे कान चांगले निघाले, रक्त वाढायची औषधं सुरू झाली, आणि पुढच्या तपासणीत त्यांनी तेच नाव सांगितलं. त्या दिवशी तुझा फोन आला. म्हणालास, "अक्का, उद्या सकाळी काय करू?" मी खडसावून सांगितलं, उठ, चहा पी आणि खाली बस. आणि फोन ठेवून ढसाढसा रडले. तेव्हा तुला कळू दिलं नाही, आता कळू दे.

काल आईनं गाऱ्हाणं केलं. "वैजूला काय झालंय काय की! दिसभर पोरीम्होरं जिमिनीवर बसून झाकनं फिरवतो. लोकं मला म्हंत्यात, झुंबरबाई, तुजं पोरगं येडं झालं." मी इतकी हसले की सासूबाई बघायला आल्या. तुझा शब्द फिरून तुझ्याच अंगणात आला बघ. मी आईला म्हणाले, कुणी परत म्हणालं तर मला सांग, मी येते थोबाडीत द्यायला.

तू म्हणालास, परवा झाकण देताना माऊनं तुझ्याकडं बघितलं, पण ते झाकण डोळ्यांजवळ धरलं होतं म्हणून असेल. असू दे की. त्यासाठीच तिथं धरायचं असतं. धरत राहा. तिचं जावळ पुढं ढकललंस, तेही आईशी भांडून, हे ऐकून मला बरं वाटलं. तिचं तिच्या मामाला नीट सगळं सांगून मग काढा.

आता आमचं. पौष संपला की माघात कानिफचं उरलेलं जावळ काढायचं ठरवलंय. सासूबाईंना मी सांगितलं, केस आणि नारळ मागाहून नाथाला नेऊ, पण कापायचं इथं, आमच्या अंगणात. त्या दोन दिवस फुगल्या, मग म्हणाल्या, "मामा तरी येईल ना?" न्हावी मशीन आणणार, वस्तरा नाही. एका दिवसात झालं नाही तर दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. पाव्हणे नाहीत, जेवणावळ नाही. मॅडमना विचारायला गेले तर म्हणाल्या, "आदल्या दिवशी दोन्ही कान मला दाखवून घ्या." ते मी विचारायच्या आधीच ठरवलं होतं.

बाकी सगळं माझ्या हातात आहे, मांडी तेवढी तुझी लागते. ये. हलगी आणू नकोस. तो तुझा हात धरेल, डोक्यावर नेईल आणि दाबेल.

या वेळी मागं घेऊ नकोस.

तुझी अक्का